आंग्र्यांचे आरमार आणि त्याच्या पाठीशी उभा राहिलेला किनारा

आंग्र्यांच्या आरमाराचा इतिहास बहुधा लढायांच्या क्रमाने लिहिला जातो. अमुक साली अमुक जहाज पकडले, अमुक साली अमक्याचा हल्ला परतवला, आणि शेवटी १७५६ साली विजयदुर्गाखाली सगळे जळाले. या स्मरणिकेसाठी लिहिताना मला त्या आरमाराकडे एक संस्था म्हणून पाहायचे आहे. संस्था म्हटली की तिची माणसे आली, नियम आले, पगार आला, लाकूडफाटा आला, पावसाळ्यातली सोय आली. थळ, वरसोली, नागाव, चौल, हर्णे, विजयदुर्ग या गावांनी हे सगळे पुरवले म्हणून दर्यावर सरखेलांचा, म्हणजे आरमारप्रमुख आंग्र्यांचा, शब्द चालला, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात कान्होजी आंग्र्यांच्याही आधीची आहे. १६७९ च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसे घेऊन खांदेरी बेटावर उतरले आणि तट बांधायला लागले. मुंबई बंदराच्या तोंडावरचे हे बेट मराठ्यांच्या हाती जाते म्हटल्यावर मुंबईकर इंग्रजांनी जहाजे पाठवली आणि बेटाला वेढा घालून रसद तोडायचा बेत केला. तो बेत फसला, आणि तो कसा फसला हे समजून घेण्यासारखे आहे. इंग्रजांची जहाजे मोठी, खोल बुडाची, वाऱ्यावर अवलंबून असलेली. थळ-नागावच्या बाजूने निघणाऱ्या होड्या लहान, उथळ बुडाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्री वारा पडला की मोठे जहाज जागच्या जागी खिळते, आणि त्याच वेळी होडी खडपांच्या कडेने दगड, धान्य आणि दारूगोळा घेऊन बेटाला लागते. पहाटेपर्यंत परतही येते. इंग्रज कप्तान वरिष्ठांना कळवत राहिले की या होड्या आमच्या हाती लागत नाहीत.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी नागावच्या बाजूने चाळीस-पन्नास मराठी गलबते इंग्रजांवर चालून आली. ‘डोव्हर’ नावाचे त्यांचे जहाज मराठ्यांनी धरले. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र तोफांच्या बळावर निभाव धरला. इंग्रजी पुस्तके ‘रिव्हेंज’च्या पराक्रमावर बरीच पाने खर्च करतात, आणि तो पराक्रम खराही होता. तरीही १६८० च्या सुरुवातीला खांदेरीवर मराठ्यांचा झेंडा होता आणि इंग्रजांना तह करावा लागला होता. जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी घेतली, त्यामुळे पुढची कित्येक वर्षे हाकेच्या अंतरावरची ही दोन बेटे एकमेकांवर तोफा डागत राहिली. त्याच १६८० साली अलिबागसमोर कुलाबा किल्ल्याचे काम सुरू झाले.

कुलाब्याच्या तटाजवळ ओहोटीच्या वेळी उभे राहून पाहावे. मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचले आहेत. सांध्यांत चुना नाही. लाट आदळते, पाणी सांध्यांतून आत शिरते, जोर मोडतो आणि तेच पाणी वाट काढून परत बाहेर येते. ज्यांनी हा तट रचला त्यांना लाटेचा स्वभाव ठाऊक होता. आत गोड्या पाण्याची सोय आहे, उत्तरेला सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला आहे. ओहोटीला किल्ला पायी गाठता येतो आणि भरतीला त्याचे बेट होते. शत्रूला वेढा घालायचा तर दिवसातून दोनदा बदलणाऱ्या या जमिनीचा हिशेब ठेवावा लागे. वरसोलीच्या मुलांना तो हिशेब लहानपणीच येतो.

आरमार चालवायचे कसे, याचे लेखी नियम रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहेत. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ, म्हणजे कान्होजींच्या भरभराटीच्याच काळातला. त्यातले आरमाराचे प्रकरण प्रत्येक कोकणी माणसाने एकदा तरी वाचावे. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, अशी रचना तिथे सांगितली आहे. आरमाराचा खर्च बंदराच्या जकातीवर लावू नये, त्यासाठी वेगळा मुलूख नेमून द्यावा, असेही सांगितले आहे. कारण उघड आहे. ज्याचा पगार जकातीतून निघतो तो अधिकारी व्यापाऱ्याला पिळणार, व्यापारी बंदर सोडून जाणार, आणि बंदर ओस पडले की राज्याची मिळकत बुडणार. तीनशे वर्षांपूर्वी एका मंत्र्याने हे ओळखले आणि त्यावर उपाय लिहून ठेवला, याचे मला फार मोल वाटते.

पावसाळ्याच्या छावणीचा नियमही असाच. वैशाख सरत आला की आरमार बंदरात आणायचे, तेही ज्याच्या डोक्यावर किल्ला आहे अशाच बंदरात. मात्र दरवर्षी तेच बंदर नको. आलटून पालटून छावणी करावी, म्हणजे एकाच गावावर सगळा भार पडत नाही. शेकडो खलाशी चार महिने एखाद्या गावात राहिले तर त्या गावाचे काय होते, हे माहीत असल्याशिवाय कोणी असा नियम लिहिणार नाही.

आणि लाकडाचा नियम तर सगळ्यांना सांगावा असा. जहाजाला साग लागतो. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्यांना हात लावायचा नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जोर करू नये. आजही कोकणात सरकारी कामासाठी कोणाच्या परसातला फणस तोडायचा म्हटले की घरात जेवण होत नाही. आज्ञापत्राने ते दुःख आधीच मोजले होते.

आता कान्होजी. आंग्रे हे मूळचे सकपाळ; पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून आंग्रे झाले. वडील तुकोजी आरमारात चाकरीला होते आणि कान्होजी हर्ण्याच्या सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याने वाढले. मोगल आणि सिद्दी यांनी कोकणचे किल्ले एकामागून एक घेतले, त्या पडत्या काळात ते पुढे आले. १६९८ साली सिधोजी गुजर वारल्यावर आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली. शाहू-ताराबाई वादात ते आधी ताराबाईंच्या पक्षाला होते. चालून आलेल्या पेशव्यालाच त्यांनी कैद केले, तेव्हा शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पाठवले, आणि १७१४ च्या तहाने सरखेल आंग्रे सातारच्या गादीचे झाले. बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे, किनाऱ्याची नस जाणणारे. दोन कोकणी माणसांनी बसून राज्याची फाळणी टाळली. या तहाला शाळेच्या पुस्तकात जेवढी जागा मिळते त्यापेक्षा कितीतरी जास्त मिळायला हवी.

कुलाबा ही राजधानी, अलिबागला नगराचे रूप, किनाऱ्यावर १७२० साली बांधलेला हिराकोट, स्वतःच्या टांकसाळीतला अलिबागी रुपया. आरमाराला लागणारा कारभार असा जमिनीवर उभा राहिला. त्याचा दर्यावरचा हात म्हणजे दस्तक. या पाण्यातून माल न्यायचा असेल तर सरखेलांचा परवाना घ्यायचा, ठरलेली रक्कम भरायची आणि निर्धास्त जायचे. परवाना नसेल तर जहाज अडवले जाई. ही पद्धत आंग्र्यांनी काढलेली नव्हती. पोर्तुगीज दोनशे वर्षे हेच करत होते, त्यांच्या कार्ताझशिवाय हिंदी जहाजाला समुद्रात जाता येत नसे. इंग्रजही मुंबईहून आपले पास देत. वाद एवढाच होता की या किनाऱ्याचा धनी इथला असावा की परका.

इंग्रजांच्या कागदांत मात्र आंग्रे सरसकट चाचे ठरले, आणि तो शिक्का इतका पक्का बसला की आपल्याकडच्याही काही लेखकांनी तो उचलला. याच समुद्रात त्या काळी खरे चाचे होते. हेन्री एव्हरी या इंग्रजाने १६९५ साली मक्केहून परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ जहाज लुटले आणि तो नाहीसा झाला. तो परत कोणाला सापडला नाही. विल्यम किड मलबार किनाऱ्यावर फिरून गेला आणि १७०१ साली लंडनमध्ये फासावर चढला. त्यांच्या कंपूचे घर म्हणजे मादागास्करचा किनारा. त्यांना गाव नव्हते, रयत नव्हती, पावसाळ्याची छावणी नव्हती. आंग्र्यांच्या मागे सातारची सनद होती आणि पुढे शंभर-दीडशे मैलांचा वसलेला किनारा होता. हा फरक आपण ठणकावून सांगितला पाहिजे. मादागास्करच्या चाच्यांपैकी जेम्स प्लँटेन हा पुढे आंग्र्यांकडे चाकरीला आला, असे क्लेमंट डाउनिंगने १७३७ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. म्हणजे एका चाच्याला शिस्तीच्या नोकरीत बसवायची ताकद या आरमारात होती.

लढाईचे तंत्र किनाऱ्याच्या रोजच्या सवयीतून आलेले. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, दीडशेपासून तीनशे टनांपर्यंतचे जहाज. त्याची नाळ लांब आणि अणकुचीदार, आणि नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या तोफा. गलबत हलके, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला, युरोपी जहाजाची शिडे लोंबली, की गलबते दोर टाकून गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत. युरोपी जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असत, पिछाडीला जेमतेम. तिथून शिडे, दोर आणि डोलकाठ्या यांवर मारा करायचा, जहाज पांगळे करायचे, आणि मग तलवारी घेऊन गलबतांवरची माणसे वर चढायची. संख्येने आणि वल्ह्यांच्या बळावर जिंकायची ही लढाई. त्यासाठी वल्हे हातात घेऊन वाढलेली हजारो माणसे लागतात, आणि ती कोळीवाड्यांत, गाबितवाड्यांत होती. मतलई वारा किती वाजता पडतो आणि खारा वारा किती वाजता उठतो हे तांडेलाला सांगावे लागत नाही. लढाईची वेळ तोच ठरवी.

या माणसांत सगळे होते. कोळी, भंडारी, गाबित, खारवी, दालदी, मराठे. बेने इस्राएल समाजातल्या चुर्रीकर घराण्याने आंग्र्यांच्या आरमारात अधिकाराच्या जागा सांभाळल्या. तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज अलिबागच्या आसपास शतकानुशतके नांदला, आणि अलिबागचे नाव ज्या अलीच्या बागांवरून पडले असे सांगतात तो अलीही बेने इस्राएलच, अशी आठवण इथे जपली गेली आहे. जहाजावर जातीचा हिशेब गळून पडतो असे मी म्हणणार नाही. पण वादळात दोर कोणाच्या हातात आहे हे पाहून कोणी तो सोडत नाही, एवढे नक्की.

१७१२ च्या नोव्हेंबरात मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याचे स्वतःचे सशस्त्र जहाज आंग्र्यांनी पकडले. त्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख होता, तो चकमकीत मेला. त्याची तरुण विधवा तीस हजार रुपये खंडणी घेऊन परत पाठवली. मग १७१५ नंतर गव्हर्नर बून आला, मुंबईला तट बांधला, जहाजे बांधली आणि आंग्र्यांच्या मागे लागला. विजयदुर्गावर चाल केली, १७१८ साली खांदेरीवर स्वतः जाऊन पाहिले, १७२० साली ‘फ्राम’ नावाची तरंगती तोफांची बतेरी घेऊन पुन्हा विजयदुर्ग गाठला. काही हाती लागले नाही.

सगळ्यात मोठी परीक्षा १७२१ च्या डिसेंबरात झाली. मादागास्करच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला इंग्लंडच्या राजाने कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली लढाऊ जहाजे पाठवली होती; ती कुलाब्यावर वळवण्यात आली. गोव्याचा व्हाइसरॉय जातीने सैन्य घेऊन आला. दोघांचे मिळून सहा हजारांच्या घरात सैन्य अलिबागच्या वाळूवर उतरले. सातारहून बाजीराव पेशवे घोडदळासह कोकणात उतरले होते. हल्ला झाला तो मोडून काढला. मॅथ्यूजच्या मांडीत एका मराठा स्वाराचा भाला घुसला. जानेवारी १७२२ मध्ये वरसोलीला पोर्तुगिजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून स्वतंत्र तह केला. १७२४ साली डचांनीही विजयदुर्गावर हात पोळून घेतला. घाटावरचे घोडदळ आणि किनाऱ्यावरची गलबते एका बाजूला उभी राहिली की काय होते, हे वरसोलीच्या किनाऱ्याने पाहिले आहे.

पुढचा भाग लिहिताना हात जड होतो. १७२९ साली कान्होजी गेले. त्यांचे पुत्र सेखोजी कर्तबगार निघाले, पण १७३३ मध्ये जंजिऱ्याच्या मोहिमेतच वारले. नंतर संभाजी आणि मानाजी या भावांत तेढ पडली. १७३५ मध्ये पेशव्यांनी मध्यस्थी करून घर दोन जागी वाटले: कुलाबा मानाजींकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडची बाजू संभाजींकडे. आरमार ही वाटून घेण्याची वस्तू नव्हती. गलबतांनी गुराबांना ओढायचे, अशी त्याची घडण. संभाजींनी ‘डर्बी’सारखे मोठे इंग्रजी जहाज पकडले, त्यांच्या मागून आलेल्या तुळाजींनी १७४९ साली ‘रिस्टोरेशन’ घेतले. पराक्रम कमी झाला नव्हता. पण तुळाजी पेशव्यांना जुमानेनात, पेशव्यांनाही धीर धरवला नाही, आणि मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना लागून बांधलेली होती. एक गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला, आग लागली, आणि एका जहाजावरून दुसऱ्यावर पसरत सगळे आरमार जळाले. करारात किल्ला पेशव्यांना देण्याचे ठरले असूनही इंग्रजांनी तो आधी स्वतःच्या ताब्यात घेतला, खजिना आपसात वाटला आणि बाणकोटच्या बदल्यात पुढे तो परत दिला.

नानासाहेबांचा हा निर्णय मला मान्य करता येत नाही. तुळाजी बेमुर्वत होते, त्यांनी मराठी मुलखालाही उपद्रव दिला, हे खरे. पण चुकलेल्या सरदाराला धरायला घरातली माणसे पाठवायची असतात. सागाची ती जहाजे परत बांधता आली असती. त्यावरची तांडेलांची, सुतारांची, गोलंदाजांची फळी अशी एका रात्रीत उभी राहत नाही. तिच्यातली काही माणसे पेशव्यांच्या आरमारात गेली. आनंदराव धुळप यांच्या हाताखाली विजयदुर्गाने १७८३ साली इंग्रजांच्या ‘रेंजर’ची ताफ्यासह चांगलीच परीक्षा घेतली, ती याच उरल्यासुरल्या कसबावर.

कुलाब्याची शाखा मात्र टिकली. मानाजींनंतर राघोजी आंग्र्यांनी बरीच वर्षे शांतपणे राज्य केले; किल्ल्यातले सिद्धिविनायकाचे देऊळ १७५९ चे, त्यांच्याच काळातले. माघी गणेशाला आजही लोक ओहोटी पाहून तिथे जातात. १८३८ साली दुसरे राघोजी वारले, त्यांचे तान्हे बाळही वर्षभरात गेले, आणि १८४० साली कंपनीने वारस नाही म्हणून संस्थान खालसा केले.

खांदेरीवर १८६७ साली दीपस्तंभ उभा राहिला. आता त्याला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. नौदलाच्या मुंबईतल्या तळाचे नाव १९५१ पासून ‘आंग्रे’ आहे, आणि २०१९ मध्ये नौदलात आलेल्या पाणबुडीचे नाव ‘खांदेरी’. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. कुलाबा त्या यादीत नाही, याची अलिबागकरांना हळहळ वाटणे साहजिक आहे.

खांदेरीवर कोळ्यांचा वेताळ आहे, पांढऱ्या रंगाने माखलेली मोठी शिळा. किल्ल्याच्या तटाइतकाच त्याचा मान आहे आणि थळची माणसे नेमाने त्याच्या पाया पडायला होड्या घालतात. जागतिक वारशाची देखभाल म्हणजे आराखडे येतील, समित्या येतील, पर्यटकांच्या बोटी वाढतील. माझी विनंती एवढीच की त्या समितीच्या बैठकीला थळच्या आणि वरसोलीच्या कोळीवाड्यातले तांडेल बोलावले जावेत, आणि तेही नुसते सत्काराला नव्हे. खांदेरीला कुठल्या वाऱ्यात होडी लागते, कुठल्या खडपावर ती फुटते, धक्का कोणत्या बाजूला बांधला तर पहिल्याच उधाणात जाईल, हे त्यांना विचारल्याशिवाय कोणताही नकाशा पुरा होणार नाही. १६७९ मध्ये दगड पोहोचवणाऱ्या होड्या याच गावांच्या होत्या.